गटात न बसणारी शेळी

गाय, म्हैस, बिबट्या, शेळी. या चौघांत गटात न बसणारं कोण, एवढाच प्रश्न होता. पण त्यापायी आमच्या घरात बरेच दिवस दुसरा विषय निघाला नाही.

मुलगी तेव्हा पाचवीत होती. तिच्या शाळेत शिष्यवृत्ती परीक्षेची बॅच भरायची आणि बॅचमध्ये कोणाला घ्यायचं हे ठरवायला आधी एक सराव परीक्षा व्हायची. पंचाहत्तर प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, बरोबर वाटेल त्या पर्यायाचा गोल पेनाने काळा करायचा, बरोबर आलं तर दोन गुण. नव्वद किंवा जास्त मिळाले तर बॅचमध्ये, कमी मिळाले तर खाली. खाली हे शब्दशः, कारण बॅच वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये भरायची आणि उरलेली मुलं खालच्या वर्गात चित्रं रंगवत बसायची.

मुलीला अठ्ठ्याऐंशी मिळाले. आमच्याच इमारतीत राहणाऱ्या तिच्या मैत्रिणीला एकशे चार. या दोघी बालवाडीपासून एका बाकावर बसलेल्या. एकीला गोवर आला तर दुसरीने घरी बसून घेतलं होतं, इतक्या एका बाकावर. शिष्यवृत्ती म्हणजे काय हे मुलीला नीट माहीतही नव्हतं. तिला हॉलमधल्या दुसऱ्या बाकावरची, मैत्रिणीच्या शेजारची जागा हवी होती. बाकी काही नको होतं.

"एक प्रश्न कमी पडला," ती म्हणाली. "शेळीचा."

तिने शेळीचा गोल काळा केला होता. उत्तरसूचीत बिबट्या होता. बिबट्या जंगली, बाकीचे पाळीव, असं सूचीचं म्हणणं.

"अगं, सोपं तर होतं," बायको म्हणाली. "शेळी का केलीस?"

"गाय आरेत असते, म्हैस आरेत असते, बिबट्या आरेत असतो. शेळी कुठे असते?"

आम्ही राहतो मुंबईत मरोळला, आरेच्या दूध वसाहतीच्या आणि जंगलाच्या अगदी कडेला. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ अजून फिरत असतो. त्यात एक बिबट्या पार्किंगमधून, दोन स्कूटरच्या मधून, भाडं द्यायला निघालेल्या भाडेकरूसारखा सावकाश चालत जातो. मुलीने तो इतक्या वेळा पाहिलाय की तो बिबट्या कुठल्या स्कूटरचा वास घेणार हे ती आधी सांगते. तिच्या लेखी बिबट्या हा शेजारी आहे. थोडा कमी दिसणारा, पण शेजारी. शेळी मात्र तिने पुस्तकातच पाहिलेली.

मी विचार केला आणि मला तिच्या उत्तरात खोट सापडेना.

मी औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. आमच्याकडे एक साधं हत्यार असतं, गेज म्हणतात. लोखंडाचा तुकडा, एक टोक भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. असं झालं तर माल पास, नाही तर नापास. पंचवीस वर्षं मी हेच करतोय आणि मला ते आवडतं. पण कारखान्यात नवीन लागलेल्या पोरांना मी पहिल्याच दिवशी सांगतो की हे गेज फक्त भोकाचं माप सांगतं. भोक कशासाठी पाडलंय, योग्य जागी पाडलंय का, हे ते सांगत नाही. ते तुम्ही बघायचं. त्यामुळे अठ्ठ्याऐंशी हा आकडा बघून मला पहिला प्रश्न पडला तो हाच, की मापलं काय?

"मी बाईंना भेटतो," मी म्हणालो. "पण आधी खात्री करू. आरेत शेळी खरोखर नाही, हे बघितल्याशिवाय मी वाद घालणार नाही."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे तुम्ही शेळ्या नाहीत हे बघायला आरेत जाणार?"

"हो."

"नसलेल्या शेळ्या बघायला?"

"मी पण येते," माझी आई आतून म्हणाली. "घावणे करून घेते."

रविवारी सकाळी आम्ही चौघं बसने आरेत गेलो. आईने तिची काळी छत्री घेतली होती, उन्हासाठी. ही छत्री आमच्याकडे स्वयंपाकघरात असते, पिठाच्या डब्याशेजारी खिळ्याला टांगलेली. तिच्या वाकड्या मुठीने आई वरच्या फळीवरचे डबे खाली ओढते. त्यासाठी छत्रीसारखी वस्तू नाही असं तिचं मत आहे, आणि पाऊस हा त्या छत्रीचा जोडधंदा आहे.

पहिल्या गोठ्यात म्हशी होत्या, ओळीने, शेवट दिसत नव्हता. दुसऱ्यातही म्हशी. तिसऱ्यात म्हशी आणि एका कोपऱ्यात चार गायी. शेळी नाही. मुलगी प्रत्येक गोठ्यातून बाहेर येताना थोडी आणखी ताठ चालायला लागली.

"अजून बघू," मी म्हणालो.

"बाबा, पुरे ना. नाहीये."

"तीन गोठे बघून सांगता येत नाही."

चौथ्या गोठ्याच्या दारात एक भय्या बादल्या धूत होता. मी त्याला विचारलं, इथे कोणाकडे बकरी आहे का. त्याने आम्हां चौघांना नीट न्याहाळलं, आईच्या छत्रीपर्यंत.

"ईद को तो अभी बहुत टाइम है साहब."

"लेना नहीं है. सिर्फ देखना है."

"देखना है?"

"नहीं है, ये देखना है," बायको म्हणाली. मला मदत करायची तिची ही पद्धत.

भय्याने बादली खाली ठेवली. असं गिऱ्हाईक त्याच्याकडे आजवर आलं नसावं. मग त्याने हात करून झाडांमधली पायवाट दाखवली. "उधर पाडे में देखो."

मुलीने माझा हात घट्ट धरला. आदिवासी पाड्यावर पोचलो तेव्हा पहिल्याच घरापुढे एक शेळी उभी होती. तपकिरी, एक कान पांढरा. तिच्यामागे आणखी दोन. माझं मन म्हणत होतं की या शेळ्या बाहेरगावाहून पाहुण्या आल्या असतील, पण अंगणात खुंटी होती, खुंटीला दोर होता, आणि लेंड्या तर इतक्या होत्या की पाहुणचार जुना असावा.

"बाबा," मुलगी हळूच म्हणाली, "आहे."

"हो. आहे."

तेवढ्यात पांढऱ्या कानाच्या शेळीने आईच्या छत्रीचा पट्टा तोंडात धरला. आईने छत्री ओढली. शेळीने पट्टा ओढला. "सोड मेले," आई म्हणाली, "माझे डबे कोण काढणार मग?" घरातून एक बाई हसत बाहेर आली आणि शेळीच्या पाठीत थाप मारून तिने छत्री सोडवली. पट्टा गेला तो गेलाच. आईने त्या बाईला दोन घावणे दिले, एक शेळीला दिला, आणि तिथेच दगडावर बसून छत्री उघडून तपासायला लागली. मुलगी मात्र शेळीकडे एकटक बघत होती. ज्या विषयात आपण नापास झालो तो विषय समोर येऊन उभा राहिला तर माणूस कसा बघेल, तशी.

परतीच्या बसमध्ये ती म्हणाली, "मग माझं उत्तर चुकलंच."

"हो," मी म्हणालो.

"अहो, हो काय म्हणता?" बायको म्हणाली.

"कारण चुकीचं निघालं तर उत्तर चुकलं. पण सूचीत लिहिलंय म्हणून नाही. आपण जाऊन बघितलं म्हणून."

मुलीने यावर विचार केला. "मग आता आरेवरून नाही करायचं. दुसरं काहीतरी बघू."

आणि बसमध्ये सुरू झालं. आई म्हणाली, गाय, कारण रस्त्यात भेटली की लोक हिलाच हात लावून तो कपाळाला लावतात, बिबट्याला कोण लावतंय. बायको म्हणाली, बिबट्या, कारण सूचीत बिबट्या आहे आणि मला घरी जाऊन मासे करायचेत. मुलगी म्हणाली, असं नाही चालत, कारण सांग. समोरच्या सीटवरचे एक आजोबा मागे वळले आणि म्हणाले, शेळीच, पण आरेमुळे नाही, बाकी तिघांपासून माणूस दबकून असतो, शेळी माणसापासून दबकून असते. आईने त्यांना छत्रीचा पट्टा तुटलेला दाखवला. त्यांनी आपलं मत मागे घेतलं.

"म्हैस," ड्रायव्हर पुढून म्हणाला. तो इतका वेळ ऐकत होता. "वीस वर्षं हा रस्ता चालवतोय. हॉर्न दिला की गाय बाजूला होते, शेळी होते, बिबट्या तर दिसेनासाच होतो. म्हैस हलत नाही. गटात न बसणारी ती एकटी."

बस हसली. मुलगी इतकी हसली की तिला उचकी लागली. चार पर्याय, चारी बरोबर, आणि चौघांकडे कारण. ती उतरताना ड्रायव्हरला म्हणाली, "काका, झकास." नापास झाल्याचं ती तेवढ्यापुरतं विसरली होती. मी विसरलो नव्हतो.

सोमवारी रजा टाकून शाळेत गेलो. बॅचच्या बाई माझ्याच वयाच्या, घाटकोपरहून येणाऱ्या, बोलायला सरळ. मी त्यांना सगळं सांगितलं. शेळ्या सापडल्या हेही सांगितलं.

"म्हणजे तुमची मुलगी चुकली हे तुम्ही स्वतः जाऊन सिद्ध केलंत," बाई म्हणाल्या.

"पण तिने विचार केला होता. त्याचे गुण कुठे द्यायचे?"

"त्याचा गोल नाहीये साहेब. मला पटतं तुमचं. मला तर रोज पटतं. एक मुलगा दरवेळी सांगतो की आईचा भाऊ काका, कारण त्यांच्या घरात मामाला काकाच म्हणतात. मी काय करू? सूचीत मामा आहे. शाळेच्या दारावर निकालाचा फलक लागतो, त्यावर फक्त आकडा लागतो. आकडा खाली आला की मला वर बोलावतात." त्यांनी कपाट उघडलं आणि मुलीची उत्तरपत्रिका काढून दिली. "हे घ्या. तपासा हवं तर. माझ्या हातून कुठे दोन गुण राहिले असतील तर आनंदाने देते. सत्तर पत्रिका होत्या, चूक होऊ शकते."

मी बाकावर बसलो आणि तपासायला लागलो. हे माझं कामच आहे. सूची डाव्या हाताला, पत्रिका उजव्या हाताला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मग शेवटापासून पहिल्यापर्यंत. आणि चूक सापडली. एकोणसाठावा प्रश्न. सूचीत तिसरा पर्याय, मुलीने दुसरा काळा केलेला, आणि बाईंनी बरोबरची खूण केलेली.

मी दुसऱ्यांदा पाहिलं. तिसऱ्यांदाही पाहिलं. चूक होती ती होतीच.

"बाई," मी म्हणालो, "इथे दोन गुण जास्त दिलेत."

त्यांनी पत्रिका पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही खरंच हे मला सांगताय?"

"चूक आहे ना."

"पंचवीस वर्षं शिकवतेय. गुण वाढवायला आलेले पालक पाहिलेत. कमी करून जाणारे पहिलेच." त्यांनी लाल पेनाने अठ्ठ्याऐंशी खोडून शहाऐंशी केले, आणि मग डोळे पुसले. हसत होत्या त्या. "जा आता घरी. घरी काय सांगणार?"

घरी मी जे झालं ते सांगितलं. मग आई म्हणाली, "याला लहानपणी पण वाण्याकडे पाठवायची सोय नव्हती. परत जाऊन सांगायचा, काका, साखर जास्त दिलीत."

"दोन गुण आणायला गेले आणि दोन देऊन आले," बायको म्हणाली. "उद्या जाऊ नका हं परत. नाहीतर चौथीत बसवून याल तिला."

मुलगी काय म्हणते याची मला धास्ती होती. बाक आता दोन प्रश्न लांब गेला होता, आणि तोही माझ्यामुळे. ती पत्रिकेची झेरॉक्स घेऊन एकोणसाठावा प्रश्न शोधत होती.

"हा?" ती म्हणाली. "हा मी अडम-तडमने केला होता."

"म्हणजे?"

"येत नसेल तर चार गोलांवर अडम-तडम म्हणायचं. जिथे संपेल तो काळा करायचा. सगळे करतात." माझा चेहरा बघून तिने धीर दिला. "बाबा, गोल रिकामा ठेवायचा नसतो. बाईंनीच सांगितलंय, चुकलं तर गुण कापत नाहीत."

मी खुर्ची ओढून बसलो. "असे किती केलेस?"

तिला सगळे आठवत होते. ती बोट ठेवत गेली, मी खुणा करत गेलो. वीस प्रश्न अडम-तडमचे निघाले, त्यातले सहा बरोबर. माहीत असून बरोबर आलेले सदतीस. उरलेले अठरा विचार करून चुकलेले. मी म्हटलं, या अठरांची कारणं सांग. ती सांगत गेली. तेरा ठिकाणी मला तिची चूक दाखवता आली, आणि तिने ती मानली. पाच ठिकाणी मला कारण मोडता येईना. एका प्रश्नात विचारलं होतं की सूर्य कोणत्या दिशेला उगवतो हे कळण्यासाठी तू काय करशील, आणि सूचीत होकायंत्र होतं. तिने काळा केलेला पर्याय होता, सकाळी उठेन.

"हे पाच मी तुला देतो," मी म्हणालो. "दहा गुण."

"येस," मुलगी म्हणाली.

"पण अडम-तडमचे सहा काढावे लागतील. ते तुझे नाहीत. बारा गुण गेले."

मी बेरीज-वजाबाकी केली. माझ्या हिशेबाने, सगळ्यात न्याय्य हिशेबाने, तिला चौऱ्याऐंशी पडत होते.

बायकोने माझ्या हातातून पेन काढून घेतलं. "बस करा. अजून दोनदा न्याय केलात तर ती शून्यावर येईल." आणि ती हसायला लागली, तिच्यामागे आई, आणि मग मुलगी जमिनीवर लोळायला लागली. अठ्ठ्याऐंशी, शहाऐंशी, चौऱ्याऐंशी. मी जितकं नीट मोजत होतो तितकी ती त्या बाकापासून लांब जात होती. शेवटी मलाही आवरेना.

त्या हसण्यातच बायकोला सुचलं की आपण तिघांनी पण हा पेपर सोडवू. जेवणं झाल्यावर ताटं बाजूला सारून आम्ही बसलो. मुलगी परीक्षक. ती हातात आईची छत्री घेऊन टेबलाभोवती फिरत होती आणि जो बोलेल त्याच्या खांद्याला मुठीने टोकत होती. आईने सुरुवातीलाच जाहीर केलं की ती वाचणार नाही, चष्मा सापडत नाही, सगळं अडम-तडमने करणार. मी प्रत्येक प्रश्न नीट वाचला. वेळ संपली तेव्हा माझे अकरा प्रश्न राहिले होते, कारण तीन-चार ठिकाणी दोन पर्याय बरोबर दिसत होते आणि मी पुढे जाऊ शकत नव्हतो.

मुलीने तपासलं. आईला अठ्ठेचाळीस. एकही प्रश्न न वाचता. "एवढे तर मला शाळेत वाचून पण पडले नव्हते," आई म्हणाली आणि सुपारी कातरायला घेतली. मला ब्याण्णव. रेघेच्या जेमतेम वर. आणखी दोन प्रश्न चुकले असते तर मीही खाली चित्रं रंगवत बसलो असतो.

बायकोला एकशे बत्तीस.

"कसं काय?" मी विचारलं. माझ्या आवाजात थोडी तपासणी आली असावी.

"मी प्रश्नात शिरतच नाही," ती म्हणाली. ती एका दवाखान्यात काउंटरवर बसते, माणसं बघण्यात तिचा दिवस जातो. "मी बघते, हे विचारणाऱ्याला काय ऐकायचंय. ते काळं करते. तुमच्याशी लग्न झाल्यापासून हाच तर अभ्यास आहे."

मुलगी छत्री घेऊन उभी राहिली होती. "म्हणजे आई, तुला पण बिबट्या वाटत नव्हता?"

"मला काहीच वाटत नव्हतं गं. त्याला काय वाटतंय ते मला माहीत होतं."

मुलीने छत्री खुर्चीला टेकवून ठेवली. इतकी मजा चालली होती आणि मधेच मला आठवलं की अलीकडे ही पोरगी उत्तर देण्याआधी माझ्या तोंडाकडे बघते. साधं विचारलं, आमटी कशी झालीय, तरी आधी आजीकडे बघते. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी ती आधी बोलायची आणि मग आम्ही तिच्याकडे बघायचो. हे शाळेनेच केलं असं मी म्हणणार नाही, माझ्याकडे पुरावा नाही. पण सराव पेपर सुरू झाल्यापासूनचं आहे, एवढं नक्की.

शनिवारी बॅच भरली. मैत्रीण वर गेली, आमची खाली रंगवत बसली. दुपारी बाईंचा फोन आला.

"साहेब, तुमच्या शेळीने माझी वाट लावली."

"काय झालं?"

"मला राहवेना. मी आज बॅचला तो प्रश्न घातला आणि म्हटलं, कारण सांगा. एक तास गेला. एक जण म्हणतो गाय, कारण सोसायटीत फक्त तिलाच कोणी हाकलत नाही. तुमच्या मुलीची ती मैत्रीण उभी राहून बस-ड्रायव्हरची म्हैस सांगतेय. मी पुढचा प्रश्न घेतला तर त्याचंही कारण. त्याच्या पुढचा, त्याचंही कारण. पंचवीस प्रश्न व्हायचे होते, चार झाले."

"माफ करा," मी म्हणालो.

"माफ काय करा. इतकी धमाल मला किती वर्षांत आली नव्हती. पण आता परीक्षा आहे डोक्यावर. सोमवारपासून तिला वर पाठवा. तिने सुरू केलंय, तिनेच मिटवायचं."

"पण तिला शहाऐंशीच आहेत. खरं म्हणजे चौऱ्याऐंशी, मी हिशेब केला तर..."

"साहेब," बाई म्हणाल्या, "तुम्ही आता काही बोलू नका. मुख्याध्यापकांना आकडे लागतात. बाक कोणाला लागत नाही. दुसऱ्या बाकावर तिघी मावतात. तिचं नाव फलकावर येणार नाही, पण परीक्षेचा अर्ज तुम्ही भरा, मी सही करते. फक्त तिला एक सांगा. माझा नियम आहे. आधी गोल, मग बोल."

हा नियम बाईंनी त्या शनिवारीच काढला होता. पेपर सोडवताना सूचीला हवं ते काळं करायचं, तोंडातून शब्द नाही. शेवटची वीस मिनिटं मात्र कारणांची. ज्याला ज्या प्रश्नावर जे म्हणायचं असेल ते त्याने म्हणायचं. मुलीने नियम ऐकला, दोन्ही हात वर केले आणि मैत्रिणीला सांगायला जिन्याने पळत गेली. लिफ्ट होती, पण तिला थांबवत नव्हतं.

पुढचे काही महिने त्या तिघी एका बाकावर बसल्या. तिसरी कोण ते मला कधी कळलं नाही. तिचं एक कोपर आमच्या मुलीच्या वहीत यायचं एवढंच ऐकलं. मुलगी घरी आली की आधी सांगायची, आज किती बरोबर. मग चप्पल न काढता कारणं सुरू व्हायची. आई तिला भाकरी देता देता ऐकायची आणि दरवेळी तिसरंच उत्तर द्यायची.

परीक्षेच्या दिवशी केंद्र अंधेरीला होतं. मी फाटकाबाहेर उभा होतो. मुलं बाहेर आली, आमच्या दोघी शेवटी, एकमेकींना काहीतरी दाखवत. मैत्रीण तिच्या आईबरोबर गेली. आम्ही रिक्षा केली.

"कसा गेला?" मी विचारलं.

"बरा. बाबा, एक गटात न बसणारं होतं. चमचा, झारा, छत्री, सांडशी."

"मग?"

"छत्री काळी केली. त्यांना छत्रीच हवी असणार ना. बाकीच्या स्वयंपाकघरातल्या."

"बरोबर केलंस," मी म्हणालो. गुण मिळाले, हे मला कळत होतं. तरी ते बोलताना मला फारसा आनंद झाला नाही. इतक्या सरळपणे, इतक्या पटकन ती म्हणाली होती, त्यांना हवी असणार. अगदी तिच्या आईसारखं.

रिक्षा सिग्नलला थांबली. ती माझ्याकडे वळली. मी नीट पाहिलं, ती माझं तोंड वाचत नव्हती. तिला बोलायचं होतं.

"पण माझं वेगळं होतं. सांगू?"

"सांग."

"छत्री गटात बसते. ती पिठाच्या डब्याशेजारी असते, तिने डबे काढतात, म्हणजे ती स्वयंपाकघरातलीच झाली. हो की नाही? मग बघ, चमच्याला एक दांडा, झाऱ्याला एक दांडा, छत्रीला एक दांडा. सांडशीला दोन. म्हणून सांडशी. मोडून दाखव."

मी विचार केला. सिग्नल सुटला, रिक्षा निघाली, मरोळ नाका आला, तरी मला ते मोडता येईना.

"नाही मोडत," मी म्हणालो.

"ओ काका," तिने रिक्षावाल्याच्या खांद्याला बोट लावलं, "तुम्ही सांगा. चमचा, झारा, छत्री, सांडशी. आणि कारण पण द्यायचं."

रिक्षावाल्याने वेग कमी केला आणि मान थोडी मागे वळवली. "परत सांग," तो म्हणाला, "काय काय आहे?"